फोटोतली रंगदुरुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो एडिटिंग शिकणारी मुलं, घरबसल्या साड्या विकणाऱ्या ताई, लग्नांचे फोटो काढणारे फोटोग्राफर आणि आजोबांचा अल्बम स्कॅन करून बसलेली मंडळी, या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्याकडून अवघडाकडे असा क्रम आहे. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. कलर करेक्शन म्हणजे नेमकं काय? फिल्टर लावणं आणि हे एकच का?

एक नाही. फोटो काढताना तिथल्या प्रकाशाने, कॅमेऱ्याच्या चुकलेल्या अंदाजाने किंवा नंतर स्कॅनरने चित्रावर जी नको असलेली झाक चढवली, ती उतरवणं म्हणजे रंगदुरुस्ती. सिमेंटची भिंत करडी दिसली पाहिजे, दूध पांढरं आणि आईचा चेहरा आईच्या चेहऱ्यासारखा. फिल्टर, प्रीसेट, ग्रेडिंग ही त्यानंतरची कामं. तिथे आपण मनाजोगती झाक मुद्दाम चढवतो. दोन्ही कामं मोलाची आहेत, फक्त क्रम चुकवू नका. ओल्या भिंतीला रंग दिला की पोपडे धरतात. झाक न काढता फिल्टर लावला की तोच फिल्टर प्रत्येक फोटोत निराळा दिसतो.

२. तिथे उभी होते तेव्हा सगळं ठीक दिसत होतं. मग फोटो पिवळा का आला?

कारण डोळा आणि मेंदू प्रकाशाशी जुळवून घेतात. पिवळ्या बल्बखाली वही वाचताना कागद पांढराच वाटतो, आणि तीच वही दुसऱ्या दिवशी अंगणात नेली तरी पांढरीच वाटते. प्रत्यक्षात दोन्ही वेळी त्या कागदावरून येणारा प्रकाश अगदी वेगळा असतो. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: मेणबत्ती १९००च्या आसपास, घरातला पिवळा बल्ब २७००, दुपारचं ऊन ५५००च्या आसपास, निळ्या आकाशाखालची सावली ७०००च्याही वर. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून प्रकाशाच्या रंगाची आपोआप होणारी भरपाई) हा आकडा चित्रावरून ताडतो, आणि दर वेळी त्याचा अंदाज बरोबर येत नाही.

हीच जुळवून घेण्याची सवय एडिटिंग करतानाही फसवते. पिवळट फोटोकडे दहा मिनिटं टक लावून बसलात की तो पांढरा वाटायला लागतो. २०१५ साली एका ड्रेसचा फोटो जगभर फिरला होता. काही लोकांना तो निळा-काळा दिसे, काहींना पांढरा-सोनेरी. ड्रेस खरा निळा-काळाच होता. पाहणाऱ्याच्या मेंदूने तो कोणत्या प्रकाशात आहे असं धरलं, त्यावर रंग ठरत होता. म्हणून शिकवताना मी पहिल्या दिवसापासून आकडे वाचायला लावते (प्रश्न ९).

३. केल्विन वाढला की प्रकाश निळा होतो असं वाचलं. पण स्लायडर वाढवला की फोटो पिवळा होतो! कुठे चुकतंय?

कुठेच नाही. टेंपरेचरचा स्लायडर फोटोचा रंग सांगत नाही. ‘फोटो काढला तेव्हा प्रकाश इतक्या केल्विनचा होता’ असं तुम्ही सॉफ्टवेअरला त्यातून सांगत असता. ‘प्रकाश ८००० केल्विनचा, म्हणजे निळा होता’ असं सांगितलं की ते त्या निळ्याची भरपाई म्हणून पिवळा वाढवतं. लाइटरूममध्ये रॉ फाइल (सेन्सरचे कच्चे आकडे, प्रश्न ७) उघडली तरच खरे केल्विन दिसतात; जेपेगवर उणे १०० ते अधिक १०० असा नुसता अंदाजाचा स्लायडर असतो.

टेंपरेचर निळा-पिवळा सांभाळतं आणि टिंट हिरवा-मजेंटा. जुन्या ट्यूबलाइट, स्वस्त एलईडी आणि झाडाखालची सावली यांत हिरवट झाक येते. तिथे टेंपरेचर कितीही हलवलं तरी उपयोग नाही, टिंटच हवा.

४. ड्रॉपरने पांढऱ्या सदऱ्यावर क्लिक केलं तर सगळ्यांचे चेहरे पिवळे झाले. सदरा तर पांढराशुभ्र होता!

सदरा शुभ्र होता, पांढरा नव्हता. आपल्याकडे पांढरे कपडे धुतल्यावर नीळ देतात, आणि बहुतेक डिटर्जंट पावडरींत असे पदार्थ असतात जे उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर चमक टाकतात. म्हणून सदरा, टोपी, धोतर ही मुळातच किंचित निळी असतात. ड्रॉपरला तुम्ही सांगता ‘हे करडं आहे’, मग ड्रॉपर त्यातला निळा काढायला सगळ्या फोटोत पिवळा ओततो. वारीच्या फोटोंत तर हजारो टोप्या नि सदरे असतात आणि प्रत्येकाची नीळ वेगळी. झेरॉक्सच्या पांढऱ्या कागदातही अशीच चमक असते. वर्तमानपत्राचा कागद उलट पिवळट असतो.

दुसरी एक चूक फार होते. सदऱ्याचा सर्वांत उजळ भाग अनेकदा जळालेला असतो, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे कमाल, २५५. तिथे क्लिक केलं तर ड्रॉपरला कळण्यासारखं काहीच उरत नाही. क्लिक नेहमी मध्यम उजेडाच्या करड्या जागी करा.

५. ग्रे कार्ड (व्हाइट बॅलन्ससाठी मिळणारं करडं कार्ड) नाही. मग क्लिक कुठे करू?

डांबरी रस्ता, सिमेंटचा कट्टा, काळ्या छत्रीचं सावलीतलं कापड. यांतली कोणतीही एक जागा बरोबर असेलच असं नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणी क्लिक करून पाहा आणि ज्यांची उत्तरं एकमेकांना धरून आहेत त्यांच्यावर विश्वास ठेवा. स्टीलचं भांडं टाळा, ते आजूबाजूचे रंग उचलतं.

घरगुती उपाय हवा असेल तर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप घ्या. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सात-आठ थर गुंडाळा. टेफ्लॉन सगळे रंग जवळजवळ सारखे परतवतं आणि त्यात नीळ नसते. पहिल्या फोटोत हा तुकडा धरायचा, जळणार नाही इतकं एक्स्पोजर ठेवायचं, त्यावर व्हाइट बॅलन्स घ्यायचा आणि त्याच प्रकाशातल्या बाकी फोटोंना तोच लावायचा. पण जमेल तेव्हा ग्रे कार्ड घ्याच. २४ रंगीत चौकोनांचं कलरचेकर कार्ड १९७६पासून वापरात आहे आणि आजही त्याला तोड नाही. शिकणाऱ्याला मात्र साधं करडं कार्ड पुरतं.

६. शिकायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? फोनवर जमेल का?

फोनवर सुरुवात खुशाल करा. स्नॅपसीड फुकट आहे आणि त्यात व्हाइट बॅलन्सला ड्रॉपर आहे, कर्व्हही (गडद, मध्यम, उजळ भाग वेगवेगळे बदलणारी रेघ) आहेत. कॉम्प्युटरवर पैसे न घालता शिकायचं तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी रॉ फाइलींसाठी आणि गिम्प बाकी कामांसाठी. लाइटरूम आणि फोटोशॉप सोयीचे आहेत, नोकरी करायची असेल तर यावेच लागतात. पण कर्व्ह एकदा कळला की तो सगळीकडे तोच असतो. सॉफ्टवेअर बदलत बसण्यात महिने घालवू नका.

७. रॉमध्ये काढणं खरंच गरजेचं आहे का?

प्रकाश अवघड असेल तर हो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या काचांची जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना तिचं पेटंट १९७६ साली मिळालं. तीत निम्म्या चौकटी हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. रॉ फाइलमध्ये या चौकटींचे आकडे कच्च्या स्वरूपात असतात, आणि व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल व निळ्या आकड्यांना योग्य पटीने गुणणं. तो निर्णय तुम्ही नंतर कितीही वेळा बदलू शकता.

जेपेगमध्ये तो गुणाकार होऊन, उरलेलं फेकून, फाइल बंद झालेली असते. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये २५६. थोडी झाक जेपेगमधूनही नीट निघते. पण बल्बखालचा गडद पिवळा फोटो सुधारायला गेलात की आकाशात, भिंतींवर पट्टे दिसू लागतात. रॉलाही मर्यादा आहे. बल्बच्या प्रकाशात निळा मुळातच कमी असतो. त्याला मोठ्या पटीने गुणलं की त्याच्यासोबत दाणेही (नॉइज) वाढतात.

८. काम कोणत्या क्रमाने करायचं?

आधी ढोबळ एक्स्पोजर, कारण अंधाऱ्या फोटोत झाक ओळखता येत नाही. मग व्हाइट बॅलन्स. मग कॉन्ट्रास्ट. सॅच्युरेशनला हात सर्वांत शेवटी, कारण कॉन्ट्रास्ट वाढवला की रंग आपोआप गडद होतात. आधीच सॅच्युरेशन वाढवून ठेवलं असेल तर शेवटी सगळं भडक होतं. वाढवायचंच असेल तर व्हायब्रन्स घ्या. तो फिक्या रंगांना जास्त आणि आधीच गडद असलेल्यांना कमी वाढवतो, त्वचेलाही सांभाळून घेतो. एकेक रंग सुटा दुरुस्त करायचा असेल तर तो या सगळ्यानंतर (प्रश्न १६).

९. ‘आकडे वाचा’ म्हणता, ते कुठे आणि कसे?

फोटोशॉपमध्ये इन्फो पॅनल उघडा आणि ड्रॉपर फिरवा. लाल, हिरवा, निळा असे ० ते २५५ मधले तीन आकडे दिसतील. लाइटरूममध्ये तेच टक्क्यांत येतात. ड्रॉपरचा नमुना एका ठिपक्याऐवजी ५ बाय ५ ठेवा, नाहीतर एखाद्या दाण्याचाच आकडा वाचाल.

नियम एकच: जे खरोखर करडं आहे तिथे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. समजा, रस्त्यावर १४२, १३०, १०८ असे आकडे आले. निळा कमी, लाल जास्त. म्हणजे पिवळी-नारिंगी झाक. १२०, १३५, १२२ आले तर हिरवा जास्त; टिंट मजेंटाकडे न्या.

आता पुढची पायरी, जिथे बहुतेकांचं शिकणं अडतं. एकाच जागी न थांबता एक उजळ, एक मध्यम आणि एक गडद अशा तीन करड्या जागा वाचा. तिन्हींत सारखीच झाक असेल तर व्हाइट बॅलन्सने काम होतं. पण उन्हातला भाग बरोबर आणि सावलीतला निळा असेल (निळ्या आकाशाखाली हे नेहमीचं आहे), तर सगळा फोटो पिवळा करू नका. कर्व्हमध्ये फक्त निळा चॅनल उघडा, त्याच्या गडद भागात एक बिंदू घेऊन थोडा खाली ओढा, आणि वरच्या भागात दुसरा बिंदू ठेवून उजळ भाग जागच्या जागी धरून ठेवा. ज्या दिवशी हे स्वतःच्या हाताने एकदा जमतं, त्या दिवसापासून फोटोकडे पाहण्याची नजर बदलते. मुलांच्या चेहऱ्यावर मी ते होताना पाहिलं आहे.

१०. चेहऱ्याचा रंग बरोबर आला हे कसं ओळखू? करडी जागाच नाही फोटोत.

मग चेहराच तुमचं कार्ड. माणसांच्या त्वचेत उजळ-सावळेपणाचा फरक मोठा असतो, पण रंगाचा कल बराच सारखा असतो. व्हिडिओवाले व्हेक्टरस्कोपवर (रंगांचा कल दाखवणाऱ्या गोल आलेखावर) त्वचेसाठी एकच रेघ वापरतात, ती त्यामुळेच. आरजीबीत नेहमी लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा. सावळ्या चेहऱ्यावर गालाशी १८०, १३०, १०० असे आकडे आले तर मी निश्चिंत होते.

हिरवा लालच्या जवळ सरकला तर चेहरा पिवळट-हिरवट, काविळीसारखा दिसतो. निळा हिरव्याच्या जवळ सरकला तर गुलाबी दिसतो. सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या आकड्यांत) पाहायची सवय असेल तर पिवळा मजेंटापेक्षा थोडा जास्त आणि सायन या दोन्हींपेक्षा बराच कमी. वर्ण सावळा असेल तसा सायन वाढतो. आकडा गालावर किंवा कपाळाच्या कडेला घ्या. नाकाचा चकाकता शेंडा, ओठ आणि मेकअप टाळा.

११. गिऱ्हाईक म्हणतं, ‘जरा गोरं करा.’ काय करू?

हा प्रश्न तंत्राचा वाटतो, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फिल्मच्या काळात प्रिंटची जुळवणी करायला कोडॅक लॅबना एक नमुना कार्ड देत असे, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. तो चेहरा नीट आला की यंत्र बरोबर, असं धरलं जाई. सावळे चेहरे मग त्यातून जसे येतील तसे. आज कार्ड गेलं, पण चेहरा उजळणारी ऑटो बटणं आणि ब्यूटी मोड आले.

मी गिऱ्हाइकाला आधी नीट दुरुस्त केलेला फोटो दाखवते. दहातल्या आठ वेळा ‘गोरं करा’चा अर्थ ‘चेहरा अंधारात आहे’ किंवा ‘पिवळा दिसतोय’ एवढाच निघतो. चेहऱ्यावर मास्क (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारी निवड) घालून उजेड थोडा वाढवला आणि झाक काढली की समाधान होतं. उजेड वाढवताना सॅच्युरेशन घसरू देऊ नका, नाहीतर त्वचा राखाडी होते. त्याहूनही पुढे जाऊन वर्णच बदलायला सांगितला तर मी नम्रपणे नाही म्हणते. नवरीची आजी तो फोटो पन्नास वर्षं जपणार असते.

१२. ऑटो बटण किंवा विकतचे प्रीसेट वापरले तर काय बिघडतं?

ऑटो हा चांगला पहिला अंदाज आहे. तो बहुधा ‘सगळ्या चित्राची सरासरी करडी असावी’ अशा धर्तीवर चालतो, म्हणून एकाच रंगाने भरलेल्या चित्रात हमखास चुकतो (प्रश्न १५). फोटोशॉपच्या कर्व्हमध्ये ऑल्ट दाबून ऑटोवर क्लिक केलं तर त्याचे पर्याय उघडतात. तिथे करडे मध्यटोन जुळवण्याची खूण लावून पाहा, बऱ्याच फोटोंत तेवढ्यावर काम भागतं. प्रीसेट दुसऱ्या कुणाच्या प्रकाशात, दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्यावर बनवलेले असतात. दुरुस्त केलेल्या फोटोवर लावा, त्याआधी नको.

१३. हळदीचे फोटो: मंडपाच्या कापडाखाली सगळे नारिंगी, बाहेरचं अंगण निळं. दोन्ही बरोबर कसं करायचं?

एका स्लायडरने नाही होणार, कारण फोटोत दोन वेगळे प्रकाश आहेत. लाल-पिवळ्या कापडातून येताना उन्हातला निळा अडतो, म्हणून चेहरे नारिंगी. आधी चेहऱ्यांसाठी व्हाइट बॅलन्स लावा. मग बाहेरच्या अंगणाला मास्क घालून तिथे टेंपरेचर पुन्हा पिवळ्याकडे न्या. मास्कची कड मंडपाच्या खांबाशी किंवा झालरीशी जुळवली तर जोड दिसत नाही.

चेहऱ्यावरची झाक शंभर टक्के काढू नका; थोडी राहू द्या, नाहीतर मंडपाखाली बसलेला माणूस स्टुडिओत कापून चिकटवल्यासारखा दिसतो. आणि नवरीच्या गालावर आकडा घेऊ नका, तिथे हळद आहे! शेजारी उभ्या, हळद न लागलेल्या एखाद्या काकूंच्या गालावर घ्या.

१४. स्टेजच्या जांभळ्या-निळ्या लाइटमधले चेहरे कसे सुधारू?

बहुतेक वेळा सुधारत नाहीत. मंडपाच्या कापडातून थोडा का होईना सगळा रंग येतो. एकाच रंगाच्या एलईडीत बाकीचे रंग नसतातच. जे सेन्सरपर्यंत पोचलं नाही ते कर्व्हने आणता येत नाही. निळ्या प्रकाशातल्या चेहऱ्याचा लाल चॅनल उघडून पाहा, जवळजवळ काळा असेल. असे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, ज्या चॅनलमध्ये तपशील आहे त्याच्यावरून. पुढच्या वेळी मुख्य क्षणी पांढरा लाइट लावायला सांगा किंवा फ्लॅश वापरा.

एलईडीखाली फोटोत आडवे रंगीत पट्टे येत असतील तर ती वेगळी भानगड. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. एडिटिंगमध्ये हे पट्टे काढणं फार जिकिरीचं आहे.

१५. जेजुरीला भंडारा उधळतानाचे फोटो फिके आले आणि मिरवणुकीतला गुलाल नुसता लाल डाग दिसतो. का?

दोन वेगळी दुखणी आहेत. भंडाऱ्याने चौकट भरली की ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं प्रकाशच पिवळा आहे, आणि तो निळा मिसळतो. सोन्याची जेजुरी फिकी पडते. अशा ठिकाणी कॅमेऱ्यात डेलाइट, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विन, कायम ठेवा. रॉ असेल तर नंतर तेच करा. भंडाऱ्याच्या गडद पिवळ्यात निळा चॅनल शून्यावर टेकतो, म्हणून सॅच्युरेशन थोडं उतरवल्यावर उलट धुळीचे लोट उठून दिसतात.

गुलालात लाल चॅनल २५५ला जाऊन अडकतो. एकत्रित हिस्टोग्राम (गडद ते उजळ ठिपके किती, हे दाखवणारा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनलचा वेगळा पाहिलात तर तो उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. झेंडूच्या, जास्वंदीच्या फुलांतही हेच होतं. एक्स्पोजर उतरवा, लाल रंगाचं सॅच्युरेशन कमी करा, ल्युमिनन्स (त्या रंगाचा उजळपणा) खाली आणा. पोत परत येतो. फोटो काढताना एखादं स्टॉप कमी ठेवणं हा खरा उपाय.

१६. पावसाळ्यातले डोंगर ‘रेडियम’ हिरवे दिसतात, आणि कासची निळी फुलं जांभळी. सुधारतं का?

सुधारतं. पानांचा हिरवा आपल्याला हिरवा वाटतो, पण एचएसएलमध्ये (एकेक रंग सुटा बदलणाऱ्या स्लायडरांत) त्याचा मोठा भाग पिवळ्याच्या स्लायडरखाली येतो. म्हणून हिरव्याशी झटून काही होत नाही. पिवळ्याचं सॅच्युरेशन आणि ल्युमिनन्स थोडं खाली घ्या, मग हिरवा पाहा. ढगाळ दिवशी सह्याद्रीत करडी जागा हवी असेल तर ओला नसलेला कातळ शोधा. पण काळ्या कातळावर शेवाळ असतं, तेव्हा प्रश्न ९ प्रमाणे आकडे तपासूनच.

सीतेची आसवं किंवा कारवीसारख्या निळ्या-जांभळ्या फुलांचा रंग सेन्सरला डोळ्यासारखा दिसत नाही. इथे व्हाइट बॅलन्स बदलू नका, तो बरोबरच असतो. फक्त जांभळ्याचा ह्यू (रंगछटा) निळ्याकडे सरकवा. नेमका किती, हे आठवणीवर सोडू नका. जागेवरच कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा रंग आणि समोरचं फूल यांतला फरक वहीत लिहून ठेवा.

१७. मी पैठण्या विकते. फोटोतला रंग वेगळा म्हणून साड्या परत येतात. काय करू?

ताई, पैठणीच्या बाबतीत थोडी सूट स्वतःला द्या. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून तर तिला ती धूपछाव येते. तिचा ‘एकच खरा रंग’ नसतोच. एकाऐवजी तीन फोटो द्या: समोरून, तिरका आणि पदर दुमडून. मजकुरात दोन्ही धाग्यांचे रंग लिहा.

बाकीचं असं. खिडकीशी, थेट ऊन नसलेल्या जागी, घरातले दिवे बंद करून फोटो काढा. भिंत पिस्ता किंवा गुलाबी रंगाची असेल तर तिची झाक साडीवर येते. मागे-बाजूला पांढरी चादर नको (नीळ, प्रश्न ४), करडा पुठ्ठा लावा. पहिल्या फोटोत ग्रे कार्ड किंवा टेफ्लॉनचा तुकडा ठेवा.

स्वस्त एलईडीखाली एक वेगळीच अडचण येते: दोन कापडं त्या दिव्याखाली एकाच रंगाची दिसतात आणि उन्हात वेगळी. रंगद्रव्यं वेगवेगळी असली की असं होतं आणि कोणत्याही स्लायडरने ते सुटत नाही. दिवा घ्यायचाच तर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो याचं माप) ९०च्या वरचा घ्या. गिऱ्हाइकाच्या फोनवर विविड मोड चालू असेल तर रंग भडक दिसणारच. ते तुमच्या हातात नाही, पण तशी एक ओळ लिहून ठेवलीत तर वाद टळतात.

१८. मॉनिटर कॅलिब्रेट करणं (पडद्याचे रंग मोजून जुळवणं) आवश्यक आहे? यंत्र महाग आहे.

पैसे घेऊन काम करत असाल तर हो. पडद्यावर ठेवायचं ते यंत्र चार-पाच मित्रांनी मिळून घ्या, रोज लागत नाही. ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला ही नेहमीची मापं.

यंत्र नसेल तोवर नाइट लाइट आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करा, खोलीतला उजेड रोज सारखा ठेवा, डेस्कटॉपला रंगीत चित्राऐवजी करडा रंग ठेवा. आणि आकड्यांवर चला. पडदा पिवळट असला तरी करड्याचे तीन आकडे सारखे असतील तर फाइल बरोबर आहे.

१९. कॉम्प्युटरवर रसरशीत दिसणारा फोटो फोनवर फिका दिसतो. व्हॉट्सॅपने बिघडवला का?

बहुधा तुम्ही अडोबी आरजीबी किंवा प्रोफोटोमध्ये एक्स्पोर्ट केलाय. या रंगसंचांचा आवाका मोठा आहे. ज्या ॲपला त्यांची प्रोफाइल वाचता येत नाही ते आकडे एसआरजीबीचेच (वेब आणि फोनवरच्या नेहमीच्या रंगसंचाचे) समजतं आणि फोटो मरगळलेला दिसतो. ऑनलाइन टाकायचं ते सगळं एसआरजीबीत एक्स्पोर्ट करा, प्रोफाइल जोडून. व्हॉट्सॅप फोटो दाबून छोटा करतं, म्हणून गिऱ्हाइकाला डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

२०. प्रिंट पडद्यापेक्षा काळी येते.

पडदा फार उजळ ठेवलाय. प्रश्न १८ मधला ब्राइटनेस लावा, मग पुन्हा पाहा. फोटो लॅबला एसआरजीबी जेपेग द्या. पत्रिका, पुस्तक, ऑफसेट छपाई असेल तर छापखान्याकडून त्यांची सीएमवायके प्रोफाइल मागून घ्या आणि सॉफ्ट प्रूफ (छपाई कशी दिसेल याची पडद्यावरची झलक) पाहा. भडक निळा आणि पोपटी हिरवा कागदावर तसे येत नाहीत. ते आधीच गिऱ्हाइकाला दाखवलेलं बरं. मोठ्या कामाआधी एक छोटी चाचणी प्रिंट काढाच.

२१. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. मी हे शिकू शकतो का?

शिकू शकता. हा भेद पुरुषांमध्ये बराच आढळतो, आणि कित्येकांना तो इशिहाराच्या ठिपक्यांच्या चाचणीत पहिल्यांदाच कळतो. तुम्हाला इतरांहून जास्त आकड्यांवर चालावं लागेल, एवढंच. हिरवा-मजेंटा टिंट कधीही डोळ्याने ठरवू नका. करडी जागा आणि तीन आकडे. चेहऱ्यांसाठी प्रश्न १० मधला क्रम पाठ करा. काम देण्याआधी घरातल्या कुणाला तरी एकदा दाखवा.

२२. सूर्यास्त, समई, दिवाळीतले कंदील यांचाही पिवळेपणा काढायचा का?

नाही. समईच्या उजेडात बसलेली आजी पांढऱ्या उजेडात आणली तर ती रात्रच पुसली जाते. अशा फोटोत मी केल्विन खऱ्या करड्यापर्यंत नेत नाही, अर्ध्या वाटेवर थांबते. एक खूण सांगते: ज्योतीभोवतीचा प्रकाश उबदार राहावा, पण आजीच्या पांढऱ्या केसांचा नारिंगी गठ्ठा होऊ नये, बटा सुट्या दिसाव्यात. केसांत लाल चॅनल २५५ला अडकला असेल तर अजून थोडं मागे या. संधिप्रकाशात आकाशाचा निळा आणि खिडकीतला पिवळा दोन्ही ठेवा. ते दोन्ही तिथे खरंच होते.

२३. सत्तर-ऐंशीच्या दशकातले घरचे रंगीत फोटो लालसर झालेत. परत रंग येईल का?

बऱ्याच अंशी. त्या प्रिंटांत सायन, मजेंटा आणि पिवळी अशी तीन रंगद्रव्यं असतात. त्या काळच्या पुष्कळ कागदांवर, अल्बममध्ये बंद राहूनसुद्धा, सायन सर्वांत आधी उडतं आणि मागे लाल उरतो. स्कॅन करताना स्कॅनरचं ऑटो बंद करा, १६ बिट टिफ घ्या. इथे व्हाइट बॅलन्स पुरणार नाही, कारण तिन्ही रंग सारखे उडालेले नसतात.

लेव्हल्समध्ये एकेक चॅनल उघडा. लाल चॅनलचा हिस्टोग्राम उजवीकडे गोळा झालेला दिसेल, म्हणजे त्यात गडद भागच उरलेला नाही. काळ्याचा स्लायडर जिथे आकडे सुरू होतात तिथपर्यंत उजवीकडे आणा. हिरव्या आणि निळ्याला त्यांच्या-त्यांच्या टोकांशी जुळवा. एवढ्यानेच फोटो ओळखीचा दिसू लागतो. मग कर्व्हमध्ये मध्यटोन सुधारा. काळे केस गडद करड्यासाठी आणि सावलीतला सदरा उजळ करड्यासाठी धरा. नीळ इथेही आहे, पण इतक्या मोठ्या झाकेपुढे ती किरकोळ. प्रिंटची पांढरी कड वापरू नका, तो कागद स्वतः पिवळा पडलेला असतो. लाल चॅनलमध्ये तपशीलच उरला नसेल तर चॅनल मिक्सरमधून थोडा हिरवा चॅनल त्यात मिसळा.

त्याहून जुने तपकिरी फोटो हाती आले तर आधी थांबा. ते कित्येकदा मुद्दाम सेपिया टोन केलेले ब्लॅक अँड व्हाइट असतात आणि ती झाक त्यांची स्वतःची असते. आणि दुरुस्त केलेली फाइल नेहमी वेगळ्या नावाने ठेवा. मूळ स्कॅन तसाच जपा, कारण दोन वर्षांनी तुम्ही तोच फोटो आजच्यापेक्षा बराच चांगला दुरुस्त कराल.